पेशंटसोबत कोण आहे?

रावसाहेबांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता डॉक्टर वैजयंती खानविलकरांचं लक्ष त्यांच्या मुलीकडे गेलं. अरुणा खुर्चीच्या मागे उभी होती. एक हात वडिलांच्या खांद्यावर, दुसरा स्वतःच्या उजव्या बरगडीखाली दाबलेला. ओपीडीत एसी चालू होता आणि तिच्या कपाळावर घाम होता.

"अरुणा, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही मॅडम. ॲसिडिटी. तुम्ही बाबांचं बघा."

"बाबांचं बघते. आधी तुम्ही बसा."

"मी बसले की ते उठतात."

तसंच झालं. ती स्टुलावर टेकली न टेकली तोच रावसाहेब पट्ट्यासकट उठले आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे निघाले. नळ बंदच होता, तरी त्यांनी तो पुन्हा पुन्हा पिळून पाहिला. "पानी वाया चाललंय," ते म्हणाले. "कुनी सोडलं?"

रावसाहेब जगदाळे सांगलीकडचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. उभी नोकरी शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या ठरवून देण्यात आणि कालव्याची चोरून उघडलेली दारं बंद करण्यात गेली. बायको वारल्यावर ते नवी मुंबईत नेरुळला अरुणाच्या फ्लॅटवर राहायला आले आणि हळूहळू विसरत गेले. जेवलो का, घर कुठलं, समोरची बाई कोण, यातलं काही आता त्यांना उमगत नव्हतं. नळ दिसला की हात मात्र आपोआप जात. अरुणाने लग्न केलं नव्हतं. द्रोणागिरीच्या एका गोदामात ती मालाची कागदपत्रं बघायची. आधी रजा घेतल्या, मग अर्ध्या दिवसाची नोकरी मागितली, शेवटी सोडून दिली.

वैजयंतीने तिला तपासणीच्या टेबलावर आडवं केलं. पोटाला हात लावताच अरुणाने दात आवळले.

"गेल्या वर्षी सोनोग्राफी केली होती," ती छताकडे बघत म्हणाली. "पित्ताशयात खडे आहेत म्हणाले. ऑपरेशनची तारीखपण मिळाली होती. मग परत एकदा मिळाली."

"मग केलं का नाही?"

अरुणाने मान वळवून बेसिनपाशी उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. "यांना कुठे ठेवू?"

हा प्रश्न वैजयंतीने इतक्या जणांच्या तोंडून ऐकला होता, की तो पूर्ण व्हायच्या आतच तिचं डोकं तापायला लागायचं. तरुणपणी वाशीत तिची प्रॅक्टिस छान चालली होती. ती सोडून ती या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आली आणि फक्त म्हाताऱ्या माणसांसाठी ओपीडी सुरू केली. बरोबरीचे डॉक्टर हसले. 'बरे होणारे पेशंट सोडून न होणारे कशाला घेतेस,' म्हणाले. तिने मनावर घेतलं नाही. एक गोळी कमी केली की चक्कर थांबते, कानातला मळ काढला की 'वेड लागलेला' माणूस पुन्हा बोलायला लागतो, हे तिला दिसत होतं आणि त्यात तिला मजा येत होती.

मग तिला खुर्चीमागचा माणूस दिसायला लागला. सून, मुलगी, म्हातारा नवरा, कधी एखादा बिनलग्नाचा मुलगा. पेशंट तपासून झाला की ती त्याला विचारायची, "तुमचं कसं चाललंय?" बहुतेक जण 'ठीक' म्हणायचे, दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. एक निवृत्त बँक मॅनेजर दारातून परत आला आणि म्हणाला, "मी काल हिला मारलं." बायको शेजारी हसत बसली होती, तिला आठवत नव्हतं.

तेव्हापासून वैजयंतीने घरच्या माणसांसाठी दर महिन्याला बैठक घ्यायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात लिहिलं, सोसायट्यांच्या हॉलमध्ये भाषणं दिली. सरकारी सल्लागार समितीवर तिला घेतलं. एक-दोन बैठका झाल्या, अधिकाऱ्याची बदली झाली, समिती विसरली गेली. हॉस्पिटलकडे तिचं वर्षानुवर्षं एकच मागणं होतं. म्हाताऱ्या माणसाला चार दिवस ठेवता येईल अशी सोय द्या, म्हणजे त्याला सांभाळणारी बाई स्वतःचं ऑपरेशन करून घेईल, नाहीतर नुसती झोपेल. सगळे मान डोलवायचे. शाल आणि श्रीफळ द्यायचे. शाली कपाटात मावेनाशा झाल्या होत्या.

"तुम्हाला भाऊ आहे ना?" तिने अरुणाला विचारलं.

"आहे. घणसोलीला राहतो. पावण्याला त्याचं युनिट आहे, खोक्यांचं."

"म्हणजे इथून जवळच."

"रविवारी येतो," अरुणा म्हणाली. "फळं घेऊन."

*

निखिल जगदाळे भेटायला यावा म्हणून वैजयंतीला बरेच फोन करावे लागले. आला तेव्हा मात्र नीट बोलला. कपड्यांना पुठ्ठ्याची धूळ होती आणि चेहऱ्यावर खरीच काळजी होती.

"मॅडम, ताईला मी कधी काही कमी पडू दिलं नाही. डायपर, औषधं, सगळं घरपोच असतं."

"ते मला माहीत आहे. तिचं ऑपरेशन व्हायला हवं. आठवडाभर बाबांना तुमच्याकडे न्या."

"आमच्याकडे नवीन जागा. ते गोंधळतील. तुम्हीच सांगितलंत ना ताईला, की जागा बदलली की त्रास वाढतो?"

तिने सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं.

"मग तुम्ही नेरुळला येऊन राहा."

"युनिट कोण बघणार? मुलाची बारावी आहे. वैदेहीची नोकरी आहे. टेन्शन तर आम्हालाही आहेच ना मॅडम." तो थांबला. मग म्हणाला, "आणि खरं सांगू का, ताईला जमतं. बाबांना तिची सवय आहे. माझ्या हातून ते खातसुद्धा नाहीत."

"तिला जमेल का, हे कुणी विचारलं नव्हतं, निखिल. दुसरं कुणी नव्हतं म्हणून जमलं."

"तुम्ही मला असं बोलायला बोलावलंत का?"

"हो," वैजयंती म्हणाली. "बहुतेक त्यासाठीच."

तो उठून गेला. जाताना दार हळूच लावून घेतलं, याचाही तिला राग आला.

त्याच दुपारी ती अरविंद देशमुखांच्या केबिनमध्ये गेली. अरविंद हॉस्पिटलचे अधीक्षक. दोघांनी एमडी एकत्र केलं होतं, त्यामुळे बंद दाराआड अजून अरेतुरे चालायचं.

"एक बेड दे. थोडे दिवस. रावसाहेब जगदाळे."

"काय झालंय त्यांना?"

"काहीही नाही. मुलीचं ऑपरेशन करायचंय."

अरविंदने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वैजू, आजारी नसलेल्या माणसाला ॲडमिट कसं करू? निदान काय लिहू? ऑडिटला काय सांगू? खाली कॅज्युअल्टीत लोक बेडसाठी ताटकळतात."

"त्या लोकांतच एक दिवस ही मुलगी असेल. तेव्हा देशील?"

"तेव्हा देईन," अरविंद प्रामाणिकपणे म्हणाला. "तेव्हा ती पेशंट असेल."

वैजयंतीने बाहेरही शोधून पाहिलं. दोन वृद्धाश्रमांनी रावसाहेब उठून चालतात का, असं विचारलं आणि 'हो' म्हटल्यावर नकार दिला. निजून असलेला म्हातारा चालला असता. आया पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली बाई दुपारपर्यंत टिकली. ती स्वयंपाकघरात भांडी घासत असताना रावसाहेबांनी मागून येऊन नळ बंद केला आणि पाणीचोर म्हणून तिच्यावर काठी उगारली. अरुणाने सगळं फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "जाऊ दे मॅडम. आता दुखत नाहीये."

*

महिनाभराने एका सकाळी अरुणा वडिलांना घेऊन रिक्षाने हॉस्पिटलात आली. तिला थंडी वाजून ताप भरला होता, डोळे पिवळे झाले होते. पण कॅज्युअल्टीच्या दारात वॉर्डबॉयना दिसला तो काठी टेकत आलेला म्हातारा आणि त्याला धरून आलेली बाई. त्यांनी सवयीने म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर चढवलं.

"आजोबांना काय होतंय?" ड्यूटीवरच्या डॉक्टर ईश्वरीने विचारलं. ती नवीन होती आणि घाईत होती.

"त्यांना नाही. मला," अरुणा म्हणाली. पण तिचे दात वाजत होते, आणि स्ट्रेचरवर रावसाहेब ओरडत होते, "सोडा मला! दार उघडं हाय तिकडं!" ईश्वरीने त्यांचा बीपी घेतला. साखर बघितली. ईसीजीच्या चिकट्या लावायला घेतल्या. अरुणा स्ट्रेचरची दांडी धरून उभी होती. मग ती खाली फरशीवर बसली आणि तिथेच कलंडली.

रावसाहेबांच्या फाइलवर वैजयंतीचं नाव असल्यामुळे तिला फोन गेला. ती खाली आली तेव्हा रावसाहेब स्ट्रेचरवर होते आणि अरुणा जमिनीवर.

"पेशंट ही आहे!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पडद्यापलीकडचे लोक गप्प झाले. "उचला तिला."

खडा पित्तनलिकेत अडकला होता आणि आत पू झाला होता. लगेच दाखल करणं भाग होतं. सर्जन शौनक कर्वे येऊन बघून गेला. दुर्बिणीतून खडा काढायचं त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं. ॲडमिशनच्या खिडकीतल्या माणसाने नेहमीप्रमाणे विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे? नातेवाईक लागतो मॅडम, त्याशिवाय होत नाही."

वैजयंतीने निखिलला फोन लावला. तो मशीन बघायला वापीला गेला होता. "निघतो," तो म्हणाला, "पण उद्या दुपार होईल."

तिने फोन ठेवला. शेजारी चाकाच्या खुर्चीत रावसाहेब शर्टाची बटणं काढत होते.

"लिहा," ती म्हणाली. "रावसाहेब जगदाळे. वडील."

"मॅडम, पण ते तर..."

"नातेवाईक पाहिजे ना? हा आहे. जिवंत आहे, सज्ञान आहे. नातेवाइकाला खोलीत झोपायला बाक मिळतो आणि दोन वेळचं जेवण. ते यांना द्या."

लिफ्टमधून वर जाताना ती स्वतःवरच खूश होती. इतकी वर्षं मागून न मिळालेली गोष्ट तिने हॉस्पिटलच्याच नियमाने काढून घेतली होती. रावसाहेबांना पोरीजवळ राहायला मिळेल, अरुणाला ते डोळ्यांसमोर दिसतील. ओपीडीबाहेर तिचे पेशंट खोळंबले होते. तिने वॉर्डच्या इन्चार्ज शकिला मुकादमना दोन ओळींत सांगितलं आणि ती खाली गेली.

शकिला सिस्टर उरणकडच्या. वॉर्ड त्यांच्या धाकात चालायचा. "मॅडम, लेडीज पेशंटच्या रूममधी जेन्ट्स?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर वैजयंती म्हणाली, "वडील आहेत हो," आणि लिफ्टचं दार बंद झालं.

पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणाला दुर्बिणीतून खडा काढण्यासाठी खाली नेलं. रावसाहेब खोलीत राहिले, आणि त्याच खोलीत दुसऱ्या बेडवर हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एक वयस्क बाई होत्या. बाई झोपल्या होत्या. त्यांच्या हाताला सलाईन चालू होतं, त्यातूनच औषध जात होतं. थेंब थेंब पाणी पडताना रावसाहेबांना दिसलं. त्यांनी जाऊन नळीवरची चकती फिरवली आणि ते बंद केलं. मग समाधानाने बाकावर येऊन बसले.

सिस्टरच्या लक्षात येईपर्यंत सुईत रक्त गोठलं होतं. बाईंच्या शिरा बारीक. दुसरीकडे सुई लावायला पुन्हा पुन्हा टोचावं लागलं, त्या रडायला लागल्या आणि त्यांच्या मुलाने वॉर्ड डोक्यावर घेतला. जीवावरचं काही नव्हतं, पण होऊ शकलं असतं.

वैजयंती धावत वर आली. शकिला सिस्टर नर्सिंग काउंटरपाशी उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मॅडम, एक बोलू? तुमच्या मीटिंगला मी आलेली एकदा. माझी सासू होती तेवा. तुमी काय सांगितलेलं? घरची मानसं एका बाईच्या गळ्यात टाकतात आनि मोकळी होतात. बरोबर बोललेल्या तुमी. मला रडू आलेलं."

शकिला सिस्टरनी हातातली फाइल काउंटरवर ठेवली.

"काल तुमी काय केलं? माझ्या गळ्यात टाकलं आनि ओपीडीला गेलात. मला विचारलं? पूर्ण वॉर्डला आमी तिघी. तुमाला वाटलं, शकिला बघेल. जमतं तिला."

निखिल हेच शब्द बोलला होता. ताईला जमतं. वैजयंतीला कानशिलं गरम झाल्याचं जाणवलं. राग शकिलाचा नव्हता. कुणाचा होता ते तिला चांगलं कळलं होतं आणि ते कळणं फार अवघड होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता मी बसते."

*

तिने ओपीडी रद्द करायला सांगितली, रावसाहेबांना वॉर्डच्या टोकाच्या रिकाम्या खोलीत आणलं आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली. या आजाराबद्दल तिला जे माहीत नव्हतं असं फारसं काही उरलं नव्हतं. वाद घालू नका, विषय बदला, आवाज चढवू नका: या सूचनांचं पत्रक तिनेच लिहिलं होतं आणि ते बाहेरच्या भिंतीवर लावलेलं होतं. पण संबंध दिवस एकटीने तिने असा एकही माणूस आजवर सांभाळला नव्हता.

"गाडी कधी हाय?" रावसाहेबांनी विचारलं.

"थोड्या वेळाने आहे."

"बरं." ते पाठ टेकून बसले, लगेच उठले. "गाडी कधी हाय?"

तिने विषय बदलला. "रावसाहेब, आज पाण्याची पाळी कुणाची?" त्यांचा चेहरा उजळला. ते कुठल्याशा वाडीचं, कुठल्याशा पाटलाचं नाव सांगायला लागले; तो पाटील कसा लबाड, कसा चोरून दार उचलायचा. वैजयंतीला बरं वाटलं. पुढच्या वेळी तिने तोच प्रश्न विचारला तर ते संशयाने म्हणाले, "तुला काय करायचं? तू कोन?" आणि दाराकडे निघाले.

तिने त्यांना परत आणलं. ते पुन्हा निघाले. जेवण आलं तेव्हा त्यांनी भाताचा घास तोंडात धरून ठेवला, गिळेचनात. मग तो घास त्यांनी तिच्या कुडत्यावर काढला. कपडे ओले झाले. वॉर्डातली आया आणि ती, दोघींनी मिळून पायजमा बदलायला घेतला तेव्हा त्यांनी लाजेने दोन्ही हातांनी नाडी घट्ट धरली आणि शिव्या दिल्या. बदलून झालं. आया गेली. फोन सारखा वाजत होता. ती घेत नव्हती. रावसाहेब खिडकीची कडी ओढायला लागले.

"बसा," ती म्हणाली.

"गाडी कधी हाय?"

"बसा!"

"आगं सोड, दार उघडं हाय तिकडं, पानी..."

"बसा म्हटलं ना!" ती किंचाळली. तिने त्यांचं मनगट पकडून त्यांना खाली ओढलं. ते बाकावर आदळले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिने मनगट सोडलं नव्हतं.

"मॅडम, हात सोडा," दारातून आवाज आला. "त्यांना लगेच काळंनिळं पडतं."

खडा काढून परत आणलेल्या अरुणाने चाकाची खुर्ची दारात थांबवायला लावली होती. अजून गुंगीत होती, आवाज जड होता. त्यात तक्रार नव्हती, आश्चर्यही नव्हतं. मनगटावर काळंनिळं पडतं हे तिला कसं माहीत, ते विचारायची वैजयंतीला गरज नव्हती. तिने हात सोडला.

निखिल आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. हातात सफरचंदांची पिशवी होती. उशीर का झाला ते तो सांगायला लागला, पण वैजयंतीने ऐकून घेतलं नाही. ती खुर्चीवरून उठली, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि बाहेर गेली. प्रसाधनगृहात तिने कुडत्यावरचा भाताचा डाग पाण्याने घासला आणि आरशात न बघता बाहेर आली. त्या खोलीतून निखिलचा आवाज येत होता, "बाबा, मी निखिल. निखिल हो. बाबा, असं नका करू ना." थोड्या वेळाने तो दारात आला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

"मॅडम, कुणाला तरी पाठवता का?"

"कुणीही नाहीये," ती म्हणाली. तिला हे बोलून जेवढा आनंद होईल असं वाटलं होतं, तेवढा झाला नाही.

*

अरुणाचा ताप उतरला. पुढच्या आठवड्यात पित्ताशयही काढलं आणि ती बरी होऊन घरी गेली. तेवढे दिवस निखिल आणि त्याची बायको वैदेही यांनी नेरुळच्या फ्लॅटवर पाळ्या लावल्या. दोघांचं आपापसात कडाक्याचं भांडण झालं, असं नंतर कळलं.

अरविंदने वैजयंतीला बोलावलं. समोर हर्नियाच्या त्या बाईंच्या मुलाची तक्रार होती.

"डिमेन्शियाचा पेशंट नातेवाईक म्हणून! वैजू, उद्या काही झालं असतं तर?"

"झालंच की. माझं चुकलं, लेखी देते. पण तू तेव्हा म्हणाला होतास, ती पेशंट झाली की बेड देईन. दिलास. आता तिच्यामागे घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याचं काय करायचं ते सांग."

अरविंदने तक्रारीचा कागद बाजूला सारला आणि म्हणाला, "ट्रस्टींना मी विचारलं. एक बेड देतील. प्रयोग म्हणून. त्यांना कल्पना आवडली आहे, उद्घाटन करू म्हणतात."

इतक्या वर्षांनी हे शब्द कानावर आले होते. वैजयंतीने विचारलं, "आणि आया?"

"स्टाफ आहे त्यातच."

"म्हणजे शकिला सिस्टरच्या गळ्यात."

"सुरुवात तर करू."

"नको," ती म्हणाली. स्वतःच्याच तोंडून ते ऐकताना ती रडायच्या बेताला आली. "आया असेल तर बेड. नाहीतर नको."

"कमाल आहे तुझी. स्वतःच मागितलंस, मिळाल्यावर स्वतःच नाही म्हणतेस?"

"हो. लिहून घे."

त्यानंतर पत्रं गेली, बैठका झाल्या. शकिला सिस्टर एका बैठकीला आल्या आणि त्यांनी ट्रस्टींना ऐकवलं, की आया दिल्याशिवाय वॉर्डात असा एकही माणूस घेणार नाही, मग मेमो द्या नाहीतर बदली करा. शेवटी पावसाळा संपता संपता एक बेड मंजूर झाला आणि एक आया, फक्त दिवसपाळीची. रात्रीचं पुढे बघू, असं ठरलं. प्रवेशद्वारावर मोठा फलक लागला, त्यावर हसणाऱ्या आजी-आजोबांचा फोटो होता. नोंदणी सुरू होताच पुढच्या वर्षापर्यंतची रांग लागली. चौकशीचे फोन वैजयंतीच्याच ओपीडीत यायचे आणि ती दिवसभर लोकांना 'नाही' म्हणत बसायची. पूर्वी ते काम अरविंद करायचा.

पहिली संधी तिने अरुणाला देऊ केली. अरुणा तपासणीला आली होती. चेहरा भरला होता. रावसाहेब मात्र खूप खालावले होते. हॉस्पिटलातून गेल्यापासून त्यांना बाथरूमची भीती बसली होती. संध्याकाळ झाली की ते भिंतीला लागून उभे राहत आणि कुणाला जवळ येऊ देत नसत. खुर्चीत बसवलं तसे ते बसून होते, बेसिनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"परत तिथे नाही ठेवणार," अरुणा म्हणाली. "ते गेले ते परत आलेच नाहीत, मॅडम."

वैजयंती मान खाली घालून औषध लिहीत होती. असं होऊ शकतं हे तिला त्या दिवशी ॲडमिशनच्या खिडकीपाशी उभी असतानाच माहीत होतं. अरुणाचा जीव वाचला होता आणि त्याचा हिशेब कुठेतरी चुकता झाला होता. लिहून झाल्यावर तिने सवयीने विचारलं, "आणि तुम्ही? स्वतःसाठी काही करता का?"

"रागावू नका," अरुणा म्हणाली, "पण या प्रश्नाचा मला आता राग येतो. तुम्ही विचारता, सोसायटीतल्या बायका विचारतात, निखिलसुद्धा विचारतो. स्वतःकडे लक्ष दे ताई. म्हणजे तेही माझंच काम. कधी करू? कुणाच्या वेळात?"

बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली. वैजयंतीने तिकडे लक्ष दिलं नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नाही विचारणार. निखिल येतो?"

"ऑपरेशननंतर दर रविवारी यायचा. संध्याकाळपर्यंत थांबायचा. बाबा त्याच्या हातून खायलाही लागले होते." अरुणाने पर्सची चेन उघडझाप केली. "गेले दोन रविवार आला नाही. ऑर्डर आहे म्हणतो."

वैजयंतीने फोन उचलला. नंबर आता तिला पाठ होता.

"निखिल, डॉक्टर खानविलकर बोलतेय. तुमची ताई समोर बसली आहे. रविवारी किती वाजता येताय?"

पलीकडे यंत्राचा खडखडाट होता. त्यावर ओरडून निखिल काहीतरी सांगत होता: डिस्पॅच, कामगार सुट्टीवर, पुढच्या रविवारी नक्की.

"पुढच्या नाही. या रविवारी. किती वाजता?"

"मॅडम, मी थोड्या वेळाने करतो ना फोन."

"नको. मी थांबते लाइनवर. तुम्ही मशीन बंद करून या."

ती फोन कानाला लावून बसून राहिली. दारावर पुन्हा टकटक झाली, बाहेरच्या रांगेत कुणीतरी चिडून बोललं. अरुणाने वडिलांच्या ओठांच्या कडेची लाळ रुमालाने टिपली आणि तीही वाट बघत बसली. फोनमध्ये बराच वेळ नुसता खडखडाट ऐकू येत होता. मग तो थांबला.

"दहाला," निखिल म्हणाला.

"नऊला," वैजयंती म्हणाली.